घ प्रकारचा शिंपला

तापीच्या पुलाखाली पोंकाचे मांडव लागले की सुरतेत थंडी आली असं समजायचं. स्वेटर घालावा अशी थंडी इथे फार थोडे दिवस असते. पण ज्वारीची कोवळी कणसं भाजून, बडवून काढलेले हिरवेगार दाणे, वर लिंबू-मिऱ्याची शेव आणि शेजारी ताकाचा पेला, एवढ्यावर सगळं शहर खूश असतं. आमच्या खानदेशात याला हुरडा म्हणतात. आई इतकी वर्षं या शहरात राहूनही पोंकवाल्याकडे हुरडाच मागते आणि तोही निमूट देतो. मीही खाते. पण दुसऱ्या-तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी जुनं येतं. राग म्हणावा तर राग इतकी वर्षं टिकत नाही. याला सूडच म्हणायला हवं. तो घेऊन झाला आहे, तरी तोंडातून त्याची चव गेलेली नाही.

हेच दिवस शटडाउनचे. हजिऱ्याकडे समुद्राच्या पाण्यावर यंत्रं थंड करणारे कारखाने आहेत. खाडीचं पाणी आत ओढून घेणारा मोठा बोगदा असतो, माणूस ताठ उभा राहील एवढा. पाण्याबरोबर शिंपल्यांची पिल्लं आत जातात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. ती भिंत धरतात आणि वाढतात. पावसाळ्यात खाडी गोडसर होते तेव्हा गप्प असतात. दिवाळीनंतर पाण्याला पुन्हा खार चढला की त्यांना जोर येतो. वर्षभरात भिंतीवर वीतभर थर बसतो. मग थंडीत काही दिवस कारखाना बंद ठेवतात, बोगदा उपसून कोरडा करतात आणि आत माणसं उतरवतात. हातात लोखंडी खरवडणी, पायात गमबूट, डोक्याला दिवा. उधन्याच्या गल्ल्यांतून, इच्छापोरच्या भाड्याच्या खोल्यांतून ही माणसं जातात. त्यांच्या बोलीत याला 'छीप काढणं' म्हणतात. छीप म्हणजे शिंपला. ऐकायला वाटतं, पोरं समुद्रावर खेळायला निघालीत.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ दिनू छीप काढायला गेला.

दिनू खरं तर लूमवरचा कारीगर. उधन्यात बाबांनी ज्या कारखान्यात आयुष्य काढलं, तिथेच बाबांच्या पाठीमागे तो उभा राहिला. तुटलेला धागा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात धरून तो अशी गाठ मारायचा की कापडावरून हात फिरवला तर गाठ सापडू नये. मी डोळ्यांत तेल घालून बघायचे, तरी ती बोटं नेमकं काय करतात ते मला कधी दिसलं नाही. नरडाण्याच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. त्याआधी खोलीला रंग द्यायचा, मोरी नीट करायची, असं त्याचं चाललं होतं. लूमला आठ दिवस सुट्टी टाकून तो भिला आप्पांबरोबर गेला.

भिला आप्पा मुकादम. आमच्याच गावचे. बाबांना सुरतेला आणलं ते त्यांनी, लूमवर लावलं ते त्यांनी, पहिली खोली बघून दिली तीही त्यांनीच. आमच्या गल्लीत निम्मी घरं आप्पांनी आणलेली. बाबा गेले तेव्हा तिरडी बांधायला पहिले आप्पा. म्हणजे हा माणूस आमच्या घरात देवाच्या खालोखाल होता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं सोपं वाटेल.

मी त्या वेळी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मॅडमच्या हाताखाली काम करत होते. आमचा विषय हाच, शिंपले. योगायोग म्हणा, पण हजिऱ्याच्या त्याच कारखान्याने कॉलेजला विचारलं होतं की आमच्या बोगद्यात ही जी पैदास होते ती कोणाची, कुठून आली, तिला आवरायचं कसं. शिंपला मूळचा इथला नव्हता. दक्षिण अमेरिकेकडच्या किनाऱ्यावरचा. जहाजांच्या पोटाला चिकटून, जहाजं तोल सांभाळायला जे पाणी भरून घेतात त्या पाण्यातून, असे जीव जगभर फिरतात. पण 'जहाजातून आला' एवढ्याने भागत नाही. एकदाच आला की अनेकदा? एका बंदरातून की चार बंदरांतून? हे त्याच्या डीएनएला विचारायचं.

काम कंटाळवाणं आणि सुंदर होतं. शिंपला उघडायचा, तांदळाएवढा मांसाचा कण स्पिरिटच्या नळीत टाकायचा, नळीवर जागा आणि तारीख लिहायची. मग त्या कणातला डीएनएचा एकच ठरावीक तुकडा वाचायचा. हा तुकडा कुळाच्या खुणेसारखा पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, मधूनच कधीतरी त्यातलं एखादं अक्षर बदलतं. त्या बदलांवरून आम्ही शिंपल्यांचे चार प्रकार पाडले होते. मॅडम गुजराती, पण माझ्यासाठी म्हणाल्या, "तुझ्या भाषेतली नावं ठेव." मी क, ख, ग, घ ठेवली. डुमसला, मगदल्ल्याच्या धक्क्यावर, हजिऱ्याच्या खाडीत क, ख, ग यांची सरमिसळ होती. म्हणजे तिथे शिंपले पुन्हापुन्हा येत राहिले होते. बोगद्यातले मात्र झाडून सगळे घ. थोड्याच जिवांपासून वाढलेली, आतल्या आत फुगलेली वस्ती. आणि घ बाहेर कुठेच नव्हता. "आवुं चोख्खुं चित्र रोज नथी मळतुं," मॅडम म्हणाल्या होत्या. इतकं स्वच्छ चित्र रोज मिळत नाही.

त्या चित्राचा मला काय उपयोग होणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दिनू दुपारीच घरी आला. हाताला आप्पांचा गमछा गुंडाळलेला. बोगद्यात उभं राहायला बांधलेल्या बांबूच्या परांचीवरून पाय सटकला, तोल सावरायला त्याने भिंतीवर हात टाकला आणि शिंपल्यांच्या कडांनी अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत चिरत नेलं. आप्पांनी रिक्षात बसवून दिलं आणि सांगितलं, हळद लाव, उद्या पट्टी करून घे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता. खाडीच्या पाण्यातले जंतू फार घाईचे असतात. मला हे माहीत असायला हवं होतं. मी घरात असते तर ओळखलं असतं. मी त्या रात्रीही प्रयोगशाळेत शिंपल्यांचं कूळ शोधत बसले होते.

दवाखान्यात आप्पा आमच्या आधी पोचले होते. हातात दोन शहाळी. डॉक्टरांनी विचारलं, "हे कशाने झालं?" दिनू तापाने बरळत होता. मी तोंड उघडायच्या आत आप्पा बोलले, घरातला वडीलधारा बोलतो तसं, दुःखाने:

"खाडीवर खेकडे धराले गेला होता साहेब. बंधाऱ्याच्या दगडांवर पडला. जवान पोऱ्या आहे, थोडी घेतली होती."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

मी आप्पांना बाहेर ओढलं. "आप्पा, तो तुमच्याबरोबर होता. आत होता."

"बेटा, तो दुसऱ्याच्या गेटपासवर आत गेला होता," आप्पा म्हणाले. आवाज एवढा समजूतदार की मला तो कानात बोट घालून काढून टाकावासा वाटला. "मस्टरवर त्याचं नावच नाही. आता नाव पुढे आलं तर माझा ठेका जाईल, चाळीस माणसं घरी बसतील. आपलीच माणसं. दिनूला मी बघतो ना. मी आहे."

"आणि दारू?"

"कागदावर काहीतरी लिहावं लागतं."

आई भिंतीला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ती बोलेल. ती अहिराणीत एवढंच म्हणाली, "त्यानी आपले आठे आनं, हाई इसरू नको." त्याने आपल्याला इथे आणलं, हे विसरू नकोस. त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी थंड झालं. आरडाओरडा करायची इच्छाच गेली. उपकाराच्या जोरावर माणूस काय काय करू शकतो हे मी बघत होते, आणि याला मी पुरून उरणार असं ठरवत होते. आजही ते थंडपण आठवतं. त्यात एक सुख होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. ऑपरेशनला नेण्याआधी मी तरुण सर्जनला गाठलं आणि म्हटलं, "जखमेत शिंपल्याचा तुकडा सापडला तर मला हवा आहे."

"कशाला?"

"मी शिंपल्यांवर काम करते."

तो माझ्याकडे बघत राहिला. भावाचा हात जाणार आहे आणि बहीण शिंपला मागते आहे, असं त्याला वाटलं असणार. पण काढताना त्याने लक्ष ठेवलं. तळव्यात खोल एक कवची सापडली, नखाएवढी, आतल्या बाजूला मांसाची पुसटशी साल चिकटलेली. माझ्या पर्समध्ये स्पिरिटची नळी तयार होती. त्याने ती कवची माझ्यासमोर नळीत टाकली आणि माझ्या सांगण्यावरून चिकटपट्टीवर दिनूचं नाव, तारीख आणि स्वतःची सही केली. आत भाऊ बेशुद्ध होता आणि मी बाहेर बाकावर ती नळी मुठीत धरून बसले होते. आई माझ्याकडे बघायला तयार नव्हती.

आठवड्याभरात 'दारू' हा शब्द नरडाण्याला पोचला. मुलीचे मामा आले, दिनूच्या उशाशी बसले, फळं ठेवली आणि जाताना म्हणाले, पोरगी एवढ्यात लग्न करायचं नाही म्हणते. दिनूने त्यांना अडवलं नाही. ते गेल्यावर बँडेजवर नजर ठेवून तो मला म्हणाला, "ताई, मी प्यायलो नव्हतो."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत असून काय फायदा? तू माझी बहीण आहेस."

त्या मांसाच्या सालीतून डीएनए निघता निघेना. डीएनए हाती लागला की चाचणीत एक रेघ उमटते; पहिल्या वेळी काहीच आलं नाही. दुसऱ्या वेळी जी रेघ आली ती नव्हतीच असंही म्हणता आलं असतं. तिसऱ्या वेळी मी उरलेलं सगळं वापरलं. चौथी संधी नव्हती. रेघ आली, स्पष्ट. तुकडा वाचून आला तेव्हा मी अक्षरं एकेक करून बोट ठेवून जुळवली. घ. मी प्रयोगशाळेच्या मोरीवर हात ठेवून उभी राहिले आणि मला हसू फुटलं. कोणी बघितलं असतं तर घाबरलं असतं.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या नमुन्यांची यादी काढून बघितली. मग म्हणाल्या, तुझा भाऊ जिथे पडला असं तो माणूस सांगतो, त्या बंधाऱ्यावरचे शिंपले तू तपासलेस का? नाही ना? मग तिथे घ नाही असं तू म्हणू शकत नाहीस. "बेन, जे जोयुं नथी ए लखवुं नहीं." जे बघितलं नाही ते लिहायचं नाही.

म्हणून मी ओहोटीला गेले. तीन दिवस. काठावरच्या वस्तीतल्या रेवाबेन जाळी लावायला जात, त्यांनी मला दगडांवरून वाट दाखवली. "आमां खावा जेवुं कंई नथी," त्या म्हणाल्या. यात खाण्याजोगं काही नाही. मी म्हटलं, खायचं नाही, मोजायचंय. मी बंधाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंपले खरवडले, अगदी कारखान्याचं वापरलेलं गरम पाणी जिथे खाडीत परत पडतं तिथपर्यंत. हाताला चिरे पडले. गुडघाभर चिखलात उभी राहून मी आप्पांचा चेहरा आठवायचे, शहाळी धरलेला, आणि खरवडणी आणखी जोरात चालायची. लोक देवाला जसं आळवतात तसं मी दगडांना आळवत होते: घ देऊ नका, घ देऊ नका.

एका दगडाने दिला.

एकच. गरम पाण्याच्या तोंडाजवळचा. विचार केला तर त्यात नवल काहीच नव्हतं. बोगद्यातलं पाणी बाहेर पडतं तर बोगद्यातली पिल्लंही बाहेर पडणारच, आणि एखादं पिल्लू दगड धरणारच. पण एक घ बाहेर असला की आप्पांचं म्हणणं उभं राहतं. पोरगा याच बंधाऱ्यावर पडला, हाच शिंपला लागला असेल. झालं. एवढ्या एका नखाएवढ्या जिवावर दिनू जन्मभराचा दारुड्या ठरत होता.

मी ती नळी मोरीत ओतली, धुतली, जाळीवर उपडी ठेवली. वाचलेल्या अक्षरांचा कागद फाडला. यादीत त्या दगडापुढे लिहिलं, नमुना खराब. हे सगळं करायला मला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागला. हात थरथरला नाही. थरथरला असता तर लिहायला बरं वाटलं असतं.

कारखान्याच्या बैठकीत मॅडमनी भिंतीवर नकाशा दाखवला. खाडीभर निळे, पिवळे, हिरवे ठिपके. बोगद्यात फक्त लाल, म्हणजे घ. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नळीवरची सर्जनची सही दाखवली, आणि नकाशाबाहेर एका कोपऱ्यात लावलेला एकटा लाल ठिपका. "हा माझ्या भावाच्या तळहातातून निघाला," मी म्हटलं.

सुरक्षा विभागाचे साहेब म्हातारे आणि कंटाळलेले होते, पण मूर्ख नव्हते. त्यांनी आप्पांना बोलावून घेतलं. आप्पांबरोबर ज्याच्या पासवर दिनू आत गेला होता तो माणूसही आला. साहेबांनी विचारलं, "भिला, तो मुलगा आत होता?"

"नाही साहेब. खाडीवर होता."

साहेब माझ्याकडे वळले. "मला तुमचं शास्त्र कळत नाही. एकच सांगा. हा लाल शिंपला बाहेर कुठेच नाही?"

मॅडम माझ्याकडे विश्वासाने बघत होत्या. आप्पा बघत होते. मी म्हटलं, "कुठेच नाही."

तो पासवाला माणूस तिथेच रडायला लागला. त्याने सगळं सांगितलं, न विचारलेलंही: मागच्या वर्षी कोण पडलं होतं, त्याच्या मागच्या वर्षी कोण. आप्पा खाली बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या हळूहळू काळ्यानिळ्या होत गेल्या. मी त्यांच्याकडे टक लावून बघितलं, एकही क्षण वाया जाऊ दिला नाही.

लोक म्हणतात, सुडाने समाधान मिळत नाही. मला मिळालं. आप्पांचा ठेका त्याच दिवशी गेला. साहेब स्वतः उधन्याला आमच्या खोलीत आले, दवाखान्याचा कागद दुरुस्त झाल्याचं सांगितलं आणि दिनूची माफी मागितली. दिनू पलंगावर ताठ बसून ऐकत होता. ते गेल्यावर त्याने शर्ट बदलला, केस विंचरले आणि गल्लीच्या टोकापर्यंत एकटा चालत जाऊन आला. नुसता चालत. कोणी काही म्हणू शकत नव्हतं. नरडाण्याचं जमलेलं मोडलं ते मोडलंच; पण तो चालत गेला. तेवढ्यासाठी मी आणखी दहा नळ्या ओतल्या असत्या.

आप्पा म्हणाले होते ते खरं निघालं. त्या हंगामात चाळीस माणसं घरी बसली. गल्लीतल्या बायका आईशी बोलेनात. नळावर तिची बादली आली की गप्पा थांबायच्या.  एकदा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुले काय पाहिजे व्हतं ते भेटनं ना?" हवं होतं ते मिळालं ना? मी हो म्हटलं. तिने भाकरी तव्यावर टाकली.

दोन वर्षांनी मी रेवाबेनना भेटायला गेले. ओहोटी होती. त्यांनी जाळी बांधायचे खुंट दाखवले. लाकूड दिसतच नव्हतं, शिंपल्यांचा काळा लगदा झाला होता. दोर फाटत होते, जाळी जड होऊन बसत होती, त्यांच्या हातांना सगळीकडे चिरे. "क्यारथी आव्युं आ?" हे कधीपासून आलं, त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, मी मोजणारी आहे, मला माहीत असेल. मी एक शिंपला उचलला आणि प्रयोगशाळेत नेऊन बघितला. घ. तो बोगद्यातून बाहेर पडायला लागला होता तेव्हा त्याची पहिली खबर माझ्या हातात आली होती, आणि मी ती मोरीत ओतली होती. तेव्हा मॅडमना सांगितलं असतं तर पाण्याच्या तोंडावर काही उपाय झाला असता. कदाचित झाला नसता. हे जीव थांबवणं सोपं नसतं. पण त्या दिवशी रेवाबेनना मी म्हटलं होतं, "हमणां हमणां ज." अलीकडेच. त्यांचं आणि माझं काही वैर नव्हतं. माझ्या सुडात त्यांचे हात मधे आले, एवढंच. या एका गोष्टीची मला लाज वाटते. बाकी कशाची नाही.

आता मी दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते. दिनू एका गिरणीत कापडाचे ताके तपासतो. त्या कामाला डोळे लागतात, अंगठा लागत नाही. त्याचं लग्न झालं, एक मुलगी आहे. आज खाडीत जिकडेतिकडे घ आहे. ते प्रकरण आज उभं राहिलं असतं तर माझा लाल ठिपका लाख लाल ठिपक्यांत हरवून गेला असता. दिनू योग्य वर्षी पडला, असं भयंकर वाक्य कधीकधी माझ्या मनात येतं.

मागच्या महिन्यात मी सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात गेले होते, दिनूच्या बायकोसाठी साडी घ्यायला. बाजाराच्या खाली गाड्या लावायच्या जागेत एक म्हातारा स्टुलावर बसून पावत्या फाडत होता. त्यानेच हाक मारली.

"बेटा, ओळखलं का?"

"ओळखलं, आप्पा."

त्यांनी दिनूची चौकशी केली, आईची केली. माझ्याकडून काही उत्तरं गेली. मग पावतीपुस्तक मांडीवर ठेवून म्हणाले, "एक इचारू? रागावू नको. ते ठिपके तू कसे काढले होते? मी लई जणांना विचारलं. कोणी समजावून सांगितलं नाही. आपण कशामुळे पडलो ते तरी माणसाला कळावं."

मी समजावून सांगितलं. तिथेच उभी राहून, वर्गात सांगते त्यापेक्षा सोपं करून. क, ख, ग, घ. बोगदा, खाडी, बंधारा. ते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरच्या माणसाला मी अजून सोडलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "आणि आप्पा, एक लाल शिंपला बंधाऱ्यावर सापडला होता. मला. तो मी दाखवला असता तर साहेबांनी तुम्हाला सोडलं असतं. मी तो मोरीत टाकला."

इतकी वर्षं मी हे कोणालाही सांगितलं नव्हतं. याच माणसासाठी राखून ठेवलं होतं, हेही मला तेव्हाच कळलं. बघायचं होतं मला, हे ऐकून तो कसा दिसतो.

एक गाडी आली. आप्पांनी पावती फाडून दिली. गाडी आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "दिनूला ठावं आहे हे?"

"नाही."

"मग सांगू नको." ते आवाज खाली आणून म्हणाले, जसं दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हणाले होते. पण या वेळी त्यात स्वतःसाठी काही नव्हतं. "त्याला वाटू दे, मी खरा होतो म्हणून सुटलो. त्याच्याजवळ तेवढंच आहे. माझा हात गेला नाही बेटा, त्याचा गेला. मला शब्द दे."

मी मान हलवली. काय करणार होते? साडी न घेताच घरी आले. दोन दिवस मला जेवण गोड लागेना. ज्याला मी आयुष्यभर खाली बघायला लावलं, तो स्टुलावर बसल्या बसल्या माझ्या भावावर माया करून मोकळा झाला होता, आणि त्याच्या मायेची राखण करायला मला नेमून गेला होता.

माझं काही छापून आलं की दिनू पहिला वाचतो. अंक टेबलावर सपाट ठेवतो, डाव्या हाताने ओळ धरतो, आणि वाचून झालं की फोन करतो. हेही तो वाचेल. आप्पांना दिलेला शब्द मी मोडते आहे, जाणूनबुजून. माझ्या भावावर दया करायची जागा मी त्या माणसाला ठेवणार नाही.

दिनू, तू खरं बोलत होतास. खोटं मी बोलले.